पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीतच

कोथरूडच्या एका सोसायटीत मी पहिल्यांदा पैसे ठरवून कुत्र्याचे फोटो काढायला गेले, तेव्हा माझ्याकडे नवी कोरी झूम लेन्स होती आणि तिच्याहून लांब माझा आत्मविश्वास होता. दार उघडताच कॅमेरा काढला, लेन्स चढवली, गुडघ्यावर बसले आणि ते काळं नळकांडं थेट चार वर्षांच्या लॅब्रॅडॉरच्या तोंडासमोर धरलं. त्याने एकदा पाहिलं आणि तो दिवाणाखाली गेला. पुढचे दोन तास तिथेच. कार्डावर शेवटी अकरा फोटो होते, त्यांतल्या नऊंमध्ये नुसती शेपूट. काकूंनी पोहे दिले, वर पैसेही देऊ केले. पोहे खाल्ले, पैसे घेतले नाहीत.

आज मी ज्या क्रमाने काम करते, तो त्या दिवाणापाशीच ठरला. नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी तो इथे लिहिते आहे. कॅमेऱ्याबद्दलचं प्रकरण पाचवं आहे, हे पाहून कुणी चिडू नका.

१. फोनवर काय विचारायचं

जात, वय, लसी, दुखणीखुपणी हे पाच मिनिटांत उरकतं. "चावतो का?" असं मात्र विचारू नका. त्याला सगळ्या पुण्यात एकच उत्तर आहे: "छे हो, आमचा काही करत नाही." त्याऐवजी प्रसंग विचारा. दाराची बेल वाजली की तो काय करतो? जेवताना ताटलीला हात लावला तर? पाहुण्यांची लहान मुलं आली तर तो कुठे असतो? उत्तरं ऐकली की तुम्हाला कसं कुत्रं भेटणार आहे ते बऱ्यापैकी कळतं.

मग शेवटचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा: "त्याची अशी एक खोड सांगा, जी फक्त घरच्यांनाच माहीत आहे."

लोक आधी हसतात, मग दहा मिनिटं थांबत नाहीत. एक बीगल कुकरची तिसरी शिट्टी झाली की ओट्यापाशी येऊन बसतो, कारण त्यानंतर भात निघतो. एक पॉमेरेनियन बाबा ऑफिसला गेले की त्यांची एकच चप्पल, कायम डावी, गॅलरीत नेऊन ठेवते. हे वहीत लिहून घ्या. गवतावर बसलेला, जीभ बाहेर काढलेला गोल्डन रिट्रीव्हर कुणाचाही असू शकतो. डावी चप्पल फक्त त्या घरातली असते.

२. वेळ आणि जागा

पहिलं काम शक्यतो कुत्र्याच्या घरीच ठेवा. तिथले वास त्याचे, कोपरे त्याचे. बाहेर जायचंच असेल तर पहाट धरा. मे महिन्यात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य उगवतो आणि आठला ऊन टोचायला लागतं. डिसेंबरअखेर सूर्योदय सातला, पण उजेड बराच वेळ मऊ राहतो. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर आपल्या हाताच्या पंज्याची उलटी बाजू टेकवून मनात सातपर्यंत मोजा. तुमचा हात टिकला नाही तर त्याचे पायही टिकणार नाहीत. आपल्यासारखा अंगभर घाम कुत्र्यांना येत नाही. मुख्यतः धापा टाकून ते अंग गार करतात. जीभ लांब, रुंद होऊन लोंबायला लागली की ते "हसणं" नव्हे. सावली, पाणी, सुट्टी.

वेताळ टेकडी सगळ्यांनाच हवी असते आणि मलाही आवडते, पण तिचे हंगाम समजून घ्या. पावसाळ्यात गवतात गोचीड असतात. घरी आल्यावर कानाच्या मागे, बोटांच्या बेचक्यात, बगलेत हात फिरवून तपासणी झालीच पाहिजे. दसऱ्यानंतर गवत वाळलं की कुसळं. ती आपल्या पायमोज्यांत शिरतात तशी कुत्र्याच्या कानात आणि पंजात शिरतात आणि तिथून डॉक्टरलाच काढावी लागतात. सोनेरी गवताचा तो मोहक फोटो मी बांधलेल्या वाटेवरून, गवत मागे धरून काढते, गवतात उतरून नाही. आणि पट्टा सोडायचा नाही. तिथे मोर आहेत, शिवाय टेकडीवर स्वतःच्या हद्दी सांभाळणारी कुत्र्यांची टोळकी आहेत, त्यांना तुमचा पाहुणा मान्य असेलच असं नाही. पट्टा नंतर फोटोतून पुसता येतो. महापालिकेच्या बागेत जायचा बेत असेल तर आधी फाटकावरची पाटी वाचून या, कुत्र्याला बरोबर घेऊन नंतर नव्हे.

श्रावण-भाद्रपदात नदीकाठची संध्याकाळ टाळा. ढोल-ताशांचे सराव चालू असतात. आपल्या कानांची वरची मर्यादा २०,००० हर्ट्झ, कुत्र्याची साधारण ४५,०००. ज्या आवाजाने आपली छाती थरारते, त्याने त्याचं काय होत असेल? दिवाळीच्या आठवड्यात तर मी कामच घेत नाही.

३. घरात शिरताना

दार उघडलं की घरच्यांशी बोला. कुत्र्याकडे बघू नका, वाकू नका, डोक्यावरून हात फिरवायला जाऊ नका. वरून येणारा अनोळखी हात कुणालाच आवडत नाही. त्याला बाजू दिसेल असं, थोडं तिरकं, जमिनीवर मांडी घालून बसा. पिशवी उघडी शेजारी ठेवा. आता तो येईल, किंवा येणार नाही.

येतो तेव्हा त्याला हुंगू द्या. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख, कुत्र्याच्या नाकात २० कोटींच्या वर. तुमच्या पँटवर कालच्या घरातलं मांजर आहे, परवाचा डोबरमन आहे, सकाळी टपरीवर पायाशी लोळलेलं पिल्लू आहे. तो हे सगळं वाचतो आहे. मधे बोलू नका. मी कामाची पँट मुद्दाम अत्तरी पावडरीत धूत नाही. माझ्या आईला हे अजून पटलेलं नाही.

चहा येतो. चहा घ्या. पंधरा-वीस मिनिटांनी कॅमेरा काढा आणि लेन्स खाली करून नुसता जमिनीवर ठेवा. तो हुंगेल, कदाचित एक चाटाही मारेल. लेन्सवर फिल्टर लावलेला असू द्या. मग कॅमेरा हातात घेऊन भिंतीकडे रोखा आणि दोनतीनदा खटका दाबा. प्रत्येक खटक्यामागे खाऊचा एक बारीक तुकडा. हा आवाज म्हणजे पनीर, एवढं त्याला कळलं की निम्मं काम झालं. हे सगळं धरून अर्धा तास जातो. नव्या मंडळींना हा अर्धा तास फुकट गेल्यासारखा वाटतो, म्हणून ते पैसे फोटोंच्या संख्येवर लावतात आणि घाई करतात. मी दोन तासांचे पैसे लावते आणि घरच्यांना आधीच सांगते, की पहिला अर्धा तास मी काहीच करताना दिसणार नाही.

४. तो काय सांगतोय ते बघा

इथे जरा सावकाश वाचा.

झोप आलेली नसताना जांभई, समोर खाऊ नसताना जिभेने नाक चाटणं, तोंड एका बाजूला वळवणं, अंग ओलं नसताना झटकणं, मधेच जमीन हुंगायला लागणं: या सगळ्याचा अर्थ साधारण एकच, "मला जरा अवघड होतंय." नॉर्वेच्या श्वान-प्रशिक्षक टुरिड रुगास यांनी या खुणांकडे जगाचं लक्ष वेधलं. एकेकट्या खुणेला फार अर्थ नाही. सकाळी उठल्यावर कुत्रंही जांभई देतं. एकामागून एक यायला लागल्या की कॅमेरा खाली.

डोकं वळलेलं, पण डोळा तुमच्यावर आणि बुबुळाच्या कडेला पांढरी कोर दिसते आहे, ही पुढची पायरी. घरच्यांनी कुत्र्याला मिठी मारली की हमखास ही कोर दिसते. घरचे हसत असतात, कुत्रं सोसत असतं. अशा फोटोंना समाजमाध्यमांवर खूप पसंती मिळते; मी ते देत नाही.

शेपटीवर फार विसंबू नका. शेपूट हलते म्हणजे तो उत्तेजित आहे, इतकंच. खूश आहेच असं नाही. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं, की मालक दिसला की कुत्र्याची शेपूट स्वतःच्या उजवीकडे जास्त झुकते आणि परकं दांडगं कुत्रं दिसलं की डावीकडे. कॅमेऱ्यामागून मला हा फरक दर वेळी टिपता येतो असं म्हणणार नाही. पण सैल अंगासकट हलणारी शेपूट आणि ताठ अंगावर काठीसारखी थरथरणारी शेपूट यांतला फरक कुणालाही दिसतो.

आणि अचानक थिजणं. तोंड मिटलं, श्वास रोखला, अंग लाकूड. त्या क्षणी सरळ त्याच्याकडे बघू नका, हात मागे घ्या, हळूच बाजूला सरका.

गुरगुरला तर त्याचे आभार माना. त्याने आधी सांगितलं. अशा वेळी घरचे लाजून त्याला फटका मारायला धावतात. त्यांना नम्रपणे थांबवा. गुरगुरण्याबद्दल मार खाल्लेलं कुत्रं पुढच्या वेळी न गुरगुरता चावायला शिकतं.

५. कॅमेरा, एकदाचा

खाली या. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, जमलं तर त्याहूनही खाली, पोटावर. छायाचित्रकार एलियट अर्विट यांनी १९७४ मध्ये न्यू यॉर्कमध्ये काढलेला एक फोटो नव्या लोकांनी जरूर शोधून बघावा. टोपी घातलेलं इवलंसं चिवावा, शेजारी बाईचे बूट आणि ग्रेट डेनचे दोन लांब पाय. बाकीचं सगळं चौकटीबाहेर. हेच उभं राहून काढलं असतं तर रस्त्यावरची तीन जणं दिसली असती, बस्स. अर्विट कधी कधी कुत्र्यांवर भुंकायचे, त्यांनी दचकून बघावं म्हणून. ते मी करत नाही, त्यांचं त्यांच्यापाशी.

खिडकीजवळची जागा निवडा, पातळ पडद्यातून येणारा उजेड उत्तम. चकचकीत फरशीवर कुत्र्याची नखं धरत नाहीत, पाय फाकतात आणि सगळं अंग आखडतं. तेच आखडणं चेहऱ्यावर येतं. खाली सतरंजी किंवा गोधडी टाका. घरातलीच, त्याने लोळलेली.

आकडे साधारण असे. शटरचा वेग, म्हणजे खटका किती सेकंद उघडा राहतो ते: बसलेल्या कुत्र्याला १/२५० पुरतं, मान वळवणाऱ्याला १/५००, धावणाऱ्याला १/१००० ते १/२०००. उजेड कमी असला तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, बेलाशक ३२०० करा. दाणेदार फोटो चालतो, हललेले डोळे सहसा चालत नाहीत. एफ १.८ चा, म्हणजे लेन्सचं तोंड मोठं उघडून मागचं सगळं धूसर करण्याचा मोह आवरा. कुत्र्याचं नाक आणि डोळे यांच्यात बरंच अंतर असू शकतं. डोळे रेखीव आणि नाक धुरकट अशी गंमत एकदा बरी वाटते. एफ ४ वर, म्हणजे लेन्सचं तोंड जरा लहान करून, निवांत काम होतं. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत प्राण्यांचा डोळा पकडणारा फोकस असतो, तो चालू ठेवा, पण काळ्या केसांत काळा डोळा असला की तोही गडबडतो.

काळ्या कुत्र्याची वेगळी कथा. कॅमेऱ्याला सगळं जग मध्यम राखाडी हवं असतं. चौकटभर काळं कुत्रं दिसलं की तो उजेड वाढवतो आणि काळा लॅब्रॅडॉर धुतलेल्या पाटीसारखा येतो. एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) आणि उजेड बाजूने येऊ द्या, म्हणजे केसांवरची चमक दिसते. पांढऱ्या स्पिट्झला बरोबर उलटं, थोडं वाढवा.

फ्लॅश नको. कुत्र्याच्या डोळ्यामागे उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळे डोळे हिरवे-पिवळे भुतासारखे येतात, आणि दचकलेलं कुत्रं परत तुमच्याजवळ येईपर्यंत पुन्हा चहा घ्यावा लागतो.

मोबाइल असेल तरी चालेल. खिडकी तीच, सतरंजी तीच. एकापाठोपाठ फोटो काढणारा बर्स्ट मोड वापरा, एका दमात वीस फोटो निघतात, एक बरा असतो. पोर्ट्रेट मोड कानांचे केस कापून टाकतो, तो बंद ठेवा.

६. आवाज, चेंडू, खाऊ

लक्ष वेधायला चूं-चूं वाजणाऱ्या खेळण्यातली शिट्टी काढून तोंडात धरायची, ही जुनी युक्ती. मी ती एकदा औंधला एका तरुण टेरियरसमोर सलग सात-आठ वेळा वाजवली. तिसऱ्या वेळेपर्यंत कान टवकारले, मान तिरकी झाली, अगदी हवं तसं. आठव्या वेळी तो सरळ माझ्या ओठांवर आला. त्याचं काहीच चुकलं नाही. शिकार माझ्या तोंडात होती. आता मी एका बैठकीत तीनदाच आवाज करते, दर वेळी वेगळा: कागदाची कुरकुर, जिभेचा टक्, आणि आपलं साधं "यू यू".

चेंडू निळा किंवा पिवळा आणा. कुत्र्यांना निळा आणि पिवळा नीट ओळखू येतो, लाल-हिरव्यात ते गोंधळतात. हिरवळीवर लाल चेंडू टाकून "शोध, शोध" म्हणणं म्हणजे आपलाच वेळ घालवणं.

खाऊ घरच्यांना विचारूनच. उकडलेलं चिकन, पनीर, पोळीचा कोरडा तुकडा, सगळं करंगळीच्या नखाएवढं. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा अजिबात नाही. मनुकांचं मुद्दाम सांगते, कारण पाहुणी आली म्हणून शिरा होतो, आणि कौतुकाने कुणीतरी बशीतला घास खाली धरतं.

तो उठून गेला तर जाऊ द्या. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, अशी कथा आहे. आपल्या हातात तूप नसतं.

७. घरची माणसं

कामातला सगळ्यात अवघड भाग. पाच जण पाच दिशांनी "सोन्या, इकडे बघ! अरे बघ ना!" करतात आणि सोन्या छताकडे बघतो. एकाच माणसाला माझ्या खांद्यामागे उभं करते, बाकीच्यांना स्वयंपाकघरात पाठवते. तेही गप्पच उभं राहायचं. मी सांगेन तेव्हा नाव घ्यायचं, एकदाच.

८. सराव कुठे करायचा

रस्त्यावर. सकाळी अमृततुल्यापुढे पोतं पांघरल्यासारखं झोपलेलं गावठी कुत्रं हा सर्वांत चांगला शिक्षक आहे, कारण त्याला तुमच्याकडून काहीही नको असतं. रोज त्याच वेळी जा, चहा घ्या, आठवडाभर कॅमेरा काढू नका. त्याला खाऊ घालणारं कुणीतरी असतं. त्यांची ओळख करून घ्या, त्यांना त्याचा स्वभाव ठाऊक असतो. कानाला छोटा छेद असला तर नसबंदी झालेली आहे आणि त्या वेळी रेबीजची लसही दिलेली असते. पण लस वर्षावर्षाला द्यावी लागते, म्हणून निर्धास्त राहू नका. पिलं असलेल्या मादीपासून लांब. खात असलेल्यापासून लांब. झोपलेल्याला उठवायचं नाही, हे सांगायला नकोच.

या कामात पडणार असाल तर रेबीजची लस आधीच घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारून ठेवा; मी घेतली आहे. चावलं किंवा नुसतं ओरखडलं, तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. पाळलेलं आहे, लसी झाल्या आहेत, म्हणूनही टाळाटाळ नको.

९. म्हातारी कुत्री

हे काम आपसूक येतं. "डॉक्टर म्हणाले फार दिवस नाहीत," असा फोन येतो. तेव्हा तारीख पुढची देऊ नका. त्याच आठवड्यात जा. दोन तासांऐवजी तीनदा अर्धा-अर्धा तास. उठवायचं, बसवायचं, वळवायचं काही नाही. तुम्हीच त्याच्याभोवती फिरा. मोतीबिंदू आला असेल तर डोळ्यात उजेड थेट पडू देऊ नका. कमी ऐकू येत असेल तर मागून जवळ जाऊ नका. जमिनीवर हलकेच थाप मारा, पायांना थरथर कळते.

नारायण पेठेत एका जुन्या वाड्यात पहिल्या मजल्यावर आजी आणि त्यांची चौदा वर्षांची गावठी तांबू राहायच्या. तांबूला जिना उतरवत नव्हता. फोनवर खोड विचारली तेव्हा आजी म्हणाल्या, "मी बाहेर जायची चिन्हं दिसली की ही माझ्या चपलेत पंजा घालून झोपते. म्हणजे मला हिला उठवल्याशिवाय जाता येत नाही."

मी तीन दिवस गेले. चौकातून वर येणारा दुपारचा उजेड फार सुरेख होता. तांबूच्या पांढऱ्या झालेल्या तोंडाचे, मिश्यांचे, डोळ्यांचे चाळीसएक चांगले फोटो मिळाले. शेवटच्या संध्याकाळी मी निघताना आजी मला जिन्यापर्यंत सोडायला उठल्या, आणि तांबू सरपटत उंबऱ्यापाशी गेली. कॅमेरा अर्धा पिशवीत होता. १/३० वर, उरल्यासुरल्या उजेडात एकच खटका मारला.

आजींनी तोच निवडला. अंगठा झिजलेली चप्पल, तिच्यात पंजा, पंजाही किंचित हललेला.

"आजी, यात तिचं तोंडच नाही आलं."

"तोंड पाठ आहे गं मला," त्या म्हणाल्या. "हा मोठा करून दे."

मी तो फोटो तेव्हा निवडीसाठी पाठवणारच नव्हते. चुकून राहिला होता. आता हललेले, तिरके, अर्धवट फोटो मी आधी काढून टाकत नाही. 'खोड' नावाचं वेगळं फोल्डर करते आणि चांगल्या फोटोंच्या आधी तेच पाठवते.